दुहेरीचा खेळाडू, एकेरीची कीर्ती

आजचा विषय कळवला तेव्हा आम्हाला पहिला प्रश्न आला तो असा, "रत्नागिरीत टेनिसवर ऐकायला कोण येणार?" प्रश्न रास्त होता. आपल्या जिल्ह्यात कबड्डी आहे, खो-खो आहे, कॅरम तर घराघरांत आहे. टेनिस म्हटलं की आपल्याला चेंडू आठवतो, आणि तो चेंडूही आपण क्रिकेटसाठीच आणतो. तरीसुद्धा लिएंडर पेस हे नाव ज्यांनी ऐकलेलं नाही, असे लोक या सभागृहात सापडायचे नाहीत. ज्यांनी आयुष्यात रॅकेट हातात धरली नाही, ज्यांना टेनिसचे गुण 15, 30, 40 असे का मोजतात हे ठाऊक नाही, त्यांनाही पेस ठाऊक आहे. ही लोकप्रियता साधी नव्हे. आज आपण तिच्याकडेच जरा बारकाईनं बघणार आहोत.

सुरुवातीला एक प्रश्न. 1994 साली हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत पेसनं पुरुष दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. दुहेरीचं म्हणजे दोघांनी मिळून. दुसरा कोण होता?

बघा, सभागृह शांत आहे. तो दुसरा माणूस मराठी होता. गौरव नाटेकर. सांगलीत जन्मलेले, 1956 साली परदेशात बॅडमिंटनचं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरलेले नंदू नाटेकर, त्यांचा हा मुलगा. पुढे 1996 साली त्याला अर्जुन पुरस्कारही मिळाला. म्हणजे पदक मराठी घरात आलं होतं, आणि आपल्याला आठवतो तो फक्त पेस. यात कुणाला टोचून बोलायचा हेतू नाही. आम्हालाही हे नाव पुन्हा शोधावंच लागलं. पण आजचा सगळा मुद्दा या शांततेत आहे. पेस हा मुळात दुहेरीचा खेळाडू. आपण मात्र त्याला एकेरीची कीर्ती दिली. तिची किंमत त्याच्या जोडीदारांनी मोजली, आपल्या खेळाच्या जाणकारीनं मोजली, आणि शेवटी काही अंशी त्यानं स्वतःही मोजली.

आता माणूस कोण, हे थोडक्यात. जन्म 17 जून 1973, कोलकाता. घराणं गोव्याचं, म्हणजे आपल्या शेजारचं. वडील डॉ. व्हेस पेस 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये हॉकीचं कांस्यपदक जिंकलेल्या संघात होते. आई जेनिफर भारताच्या बास्केटबॉल संघाची कर्णधार. म्हणजे घरात खेळाचं वातावरण होतं असं म्हणणंही कमीच. घरात खेळच होता. मुलगा मद्रासच्या अमृतराज अकादमीत गेला, 1990 साली त्यानं विम्बल्डनचं कुमार विजेतेपद मिळवलं, पुढच्या वर्षी अमेरिकन ओपनचं कुमार विजेतेपद. इथवर सगळं सरळ आहे. असे कुमार विजेते टेनिसमध्ये दरवर्षी होतात आणि त्यातले बरेच पुढे दिसत नाहीत.

खरी गोष्ट सुरू होते 1996 च्या ऑगस्टमध्ये. अटलांटा ऑलिम्पिक. पेस जागतिक क्रमवारीत 126 वा. एकेरीत प्रवेश मिळाला तोही वाइल्ड कार्डवर. उपांत्य फेरीत समोर आंद्रे आगासी, तिथं हरला. मनगट दुखावलेलं. आणि मग कांस्यपदकासाठी ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीशी सामना. पहिला सेट 3-6 असा गमावला, पुढचे दोन 6-2, 6-4 असे जिंकले. तिथं दिवस होता, आपल्याकडे रात्र, आणि ऑगस्टमधली कोकणातली रात्र म्हणजे बाहेर पाऊस आणि आत दिवे राहतील की जातील ही धाकधूक. अनेकांना ती बातमी सकाळी पेपरातच कळली.

त्या पदकाचं मोल समजायचं तर 44 वर्षं मागं जावं लागतं. 1952 साली हेलसिंकीत खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं होतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान. त्यांना पाठवायला पैसे नव्हते, तर कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं, ही हकीकत आपण ऐकत आलो आहोत. खाशाबा परत आले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि नंतर? पोलिसात नोकरी केली, 1984 साली अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांचं, दुसरं पेसचं. या दोन पदकांच्या मध्ये 44 वर्षांची रिकामी जागा आहे.

पेसला मिळालेलं प्रेम त्या रिकाम्या जागेतून आलं. दर चार वर्षांनी आपण पदकतक्ता बघायचो आणि मान खाली घालायचो. त्या भुकेला त्याच्या कांस्यपदकानं घास दिला. खाशाबांच्या वेळी घरोघरी टीव्ही नव्हता, पेसच्या वेळी होता. पदक दोघांचंही कांस्यच. एकाच्या वाट्याला बैलगाड्यांची एक मिरवणूक आली, दुसऱ्याच्या वाट्याला पंचवीस वर्षांची प्रसिद्धी. म्हणजे लोकप्रियता ही केवळ कर्तृत्वाचं माप नसते. ती कोणत्या काळात आणि कोणत्या साधनांतून आली, हेही तिच्यात मिसळलेलं असतं.

आता खेळाकडे येऊ, कारण पेसवर बोलणारे बहुतेक लोक इथं घाईनं पुढं जातात. एकेरीत पेस किती मोठा होता? स्पष्ट सांगायचं तर फार मोठा नव्हता. सर्वोत्तम क्रमवारी 73. व्यावसायिक दौऱ्यावर एकेरीचं विजेतेपद एकच, 1998 चं न्यूपोर्ट. त्याच वर्षी न्यू हेवनला त्यानं पीट सँप्रसला सरळ सेटमध्ये हरवलं, तो दिवस त्याचा होता. पण वर्षभर बेसलाइनवर उभं राहून दर आठवड्याला सामने काढायचे, तर त्याला लागणारे जमिनीवरचे फटके त्याच्याकडे नव्हते. बॅकहँड तर तो बहुतेक वेळा कापूनच परत पाठवायचा.

दुहेरीत मात्र हाच माणूस बदलून जायचा. कसं, ते कॅरमवरून सांगतो, म्हणजे आपल्याला लगेच पटेल. कॅरमच्या दुहेरीत जोडीदार समोर बसतो. आपल्याला सरळ न जाणारी सोंगटी आपण हलकेच अशी सरकवतो की ती जोडीदाराच्या हाताखाली यावी. बघणाऱ्याला वाटतं, याचा नेम चुकला. जोडीदाराला कळतं, यानं काय केलं. टेनिसच्या दुहेरीतही असंच आहे. कोर्ट एकेरीला 27 फूट रुंद, दुहेरीला 36 फूट. रुंदी वाढली फक्त 9 फूट, माणसं मात्र दुप्पट झाली. म्हणजे मोकळी जागा उलट कमी होते, आणि ताकदीपेक्षा अंदाजाला भाव येतो. एकानं सर्व्हिस करायची, दुसऱ्यानं नेटजवळ उभं राहायचं आणि चेंडू येण्याच्या क्षणभर आधी ओळखायचं की तो कुठून येणार. पेस हे ओळखायचा. हात इतके चपळ की छातीवर मारलेला चेंडूही तो मनगटानं नुसता वळवून मोकळ्या जागेत टाकायचा. आणि अनेकदा त्याचं काम चेंडूला हात न लावताच व्हायचं. तो फक्त एक पाऊल सरकायचा; समोरचा बिचकायचा आणि चेंडू नेटमध्ये मारायचा. हा गुण पेसचा, पण धावफलकावर त्याचं नाव कुठं येत नाही.

या कलेच्या जोरावर त्यानं 18 ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवली. 8 पुरुष दुहेरीत, 10 मिश्र दुहेरीत. 2003 साली मार्टिना नवरातिलोव्हाबरोबर विम्बल्डन जिंकलं तेव्हा ती 46 वर्षांची होती. 2013 साली राडेक स्टेपानेकबरोबर अमेरिकन ओपन जिंकलं तेव्हा पेस स्वतः चाळिशीचा. 2015 साली मार्टिना हिंगिसबरोबर एका वर्षात तीन मिश्र विजेतेपदं. कारकिर्दीत शंभराहून जास्त जोडीदार. नवा माणूस, नवी सवय, वेगळी भाषा, आणि चार दिवसांत जोडी जमवून दाखवायची. हे फार थोड्यांना जमतं.

आता गंमत बघा. त्याची लोकप्रियता शिखरावर होती 1996 साली, तेव्हा तो क्रमवारीत 126 वा होता. त्याचा खेळ सर्वांत पिकला तो तिशी ओलांडल्यानंतर, आणि तेव्हा आपण त्याला फारसं बघतच नव्हतो. विम्बल्डन आपल्याकडे ऐन पावसाळ्यात येतं, घरात बसून बघायला याहून बरा मोसम नाही. तरी आपण फेडरर आणि नदालचे पाच-पाच सेट बघितले, आणि पेसचा अंतिम सामना दुसऱ्या दिवशी चार ओळींत वाचला. प्रेम होतं, पण खेळ बघण्याचे कष्ट नव्हते.

प्रेम मग कशावर होतं? तिरंग्यावर. डेव्हिस चषकात पेस वेगळाच माणूस होऊन खेळायचा, हे त्याचे विरोधकही मान्य करत आले आहेत. 1993 साली फ्रान्समध्ये, त्यांच्याच मातीवर, त्यानं बोएच आणि लकोंत या दोघांनाही हरवलं. 1995 साली दिल्लीत गोरान इव्हानिसेविचविरुद्ध पहिले दोन सेट गमावून सामना फिरवला. हे पराक्रम खरेच आहेत. पण फ्रान्सच्या त्या लढतीत शेवटचा, निर्णायक सामना कोणी जिंकला? रमेश कृष्णननं. तो हरला असता तर भारत त्या वर्षी उपांत्य फेरीत गेलाच नसता. म्हणजे इथंही एक दुसरा माणूस आहे, आणि तोही आपल्या आठवणीतून गळालेला आहे.

'देशासाठी खेळणारा' अशी पेसची प्रतिमा झाली, 2000 साली सिडनीत त्यानं संचलनात ध्वजही वाहिला. या प्रतिमेत एक खाच आहे. एकाला आपण देशभक्त ठरवलं की त्याच्याशी न पटणारा आपोआप कमी देशभक्त ठरतो. आणि पेसचं ज्याच्याशी पटेनासं झालं तो महेश भूपती होता.

इथं थोडं थांबायला हवं. भूपती हा पेसचा मागून आलेला सोबती, अशी एक समजूत आहे. ती चूक आहे. ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय भूपती. 1997 सालची फ्रेंच ओपन, मिश्र दुहेरी, रिका हिराकीबरोबर. 1999 साली पेस आणि भूपती चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोचले, त्यातली फ्रेंच आणि विम्बल्डन त्यांनी जिंकली. भारतीय टेनिसनं असं वर्ष त्याआधी पाहिलं नव्हतं. एकाचा परतीचा फटका भक्कम, दुसऱ्याचे हात नेटवर विजेसारखे. आणि याच जोडीला तडे गेले. मग जुळली, फुटली, पुन्हा जुळली. 2001 साली पुन्हा फ्रेंच ओपन जिंकली. 2004 साली अथेन्सला कांस्यपदकाच्या सामन्यात क्रोएशियाच्या जोडीशी तिसरा सेट 16-14 असा गमावला. ज्यांनी तो सामना बघितला त्यांना अजून चुटपूट आहे. त्या दिवशी दोघंही एकत्र हरले. आमच्या मते त्यांच्या जोडीचा तो सर्वांत खरा सामना होता, कारण त्यात एकट्याचं असं काहीच नव्हतं.

2012 च्या लंडन ऑलिम्पिकआधी जे झालं ते तुम्हाला आठवत असेल. भूपती आणि बोपण्णा, दोघांनीही पेसबरोबर खेळायला नकार दिला. संघटनेनं दोन जोड्या केल्या. पेसला क्रमवारीत बराच मागं असलेला विष्णू वर्धन मिळाला, आणि मिश्र दुहेरीत सानिया मिर्झा. आपल्याला आमिष म्हणून वापरलं गेलं, असं सानियानं जाहीरपणे सुनावलं, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मोठ्या पुरुषांची समजूत काढण्यासाठी एका कर्तबगार बाईची वाटणी झाली. पदक एकही आलं नाही.

तेव्हा देशभर दोन तट पडले. पेसचे आणि भूपतीचे. गप्पांत, वर्तमानपत्रांत, सगळीकडे एकच चर्चा, चूक कोणाची. 2021 साली 'ब्रेक पॉइंट' ही सात भागांची मालिका आली, तिच्यात दोघंही समोर बसून आपापली बाजू सांगतात. मालिका रंगतदार आहे, बघायला हरकत नाही. पण तिचा भर रुसव्याफुगव्यांवर आहे. कोण कोणाशी किती दिवस बोललं नाही, मध्ये कोणी कान भरले, हे सविस्तर कळतं. ही जोडी कोर्टवर नेमकी कशानं अजिंक्य झाली, ते मात्र निसटतं कळतं. संसार मोडल्याची गोष्ट सांगायची, तर तो संसार कसा चालायचा हे आधी दिसायला नको का?

दोष कोणाचा, याचा निवाडा आम्ही करणार नाही. पण टीकाकार म्हणून एक निरीक्षण नोंदवल्याशिवाय राहवत नाही. शंभराहून जास्त जोडीदारांशी जमवून घेणाऱ्या माणसाला आपल्याच देशातले दोन सर्वोत्तम जोडीदार टिकवता आले नाहीत. परदेशी जोडीदाराबरोबर तो दोघांतला एक असायचा. भारतीय जोडीदाराबरोबर मात्र तो 'लिएंडर पेस' असायचा, आणि दुसरा 'त्याचा जोडीदार'. या वागणुकीतला त्याचा वाटा त्याचा त्यानं घ्यावा. पण ही उतरंड आपणही रचली आहे. हिरोशिमाच्या पदकावरून नाटेकरचं नाव ज्यांनी पुसलं, त्यांनीच पुढं भूपतीला दुसरं स्थान दिलं. एकाच माणसाच्या गळ्यात सगळे हार घातले, तर त्याला जोडीत उभं राहणं अवघड जाणारच.

यावर कोणी म्हणेल, अहो, मुलांना नायक लागतो. एक चेहरा दिसला तरच पोरं मैदानात येतात. जोडीची पूजा कोण करतं? या म्हणण्यात तथ्य आहे, ते आम्ही नाकारत नाही. अटलांटाच्या आधी पदकाची स्वप्नं बघणं हास्यास्पद वाटायचं, नंतर वाटेनासं झालं. यात पेसचा वाटा आहेच. 2003 साली मेंदूच्या आजाराच्या संशयानं रुग्णालयात गेला, गाठ कर्करोगाची नाही असं निघालं, आणि माणूस परत येऊन आणखी सतरा वर्षं खेळला. असा चिवटपणा मुलांपुढं ठेवायलाच हवा. आमची तक्रार नायकाबद्दल नाही. नायकाचा खेळ न समजता त्याला नायक करण्याबद्दल आहे. पेसकडून मुलांनी शिकायचं ते जोडीदाराच्या फटक्याचा अंदाज घ्यायला, आणि आपण मात्र त्यांना शिकवलं एकट्यानं छाती ठोकायला.

अशी कीर्ती किती टिकाऊ असते, तेही बघून घेऊ. 2021 साली पेस गोव्यात राजकारणात उतरला. पुढच्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत त्याच्या पक्षाला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. मतदार शहाणे असतात; फटक्याला टाळी देतात, मत वेगळ्या हिशेबानं देतात.

कारकिर्दीचा शेवट कसा झाला, हे फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून सांगतो. एप्रिल 2018, चीनमधलं तिआनजिन. डेव्हिस चषकातला पेसचा दुहेरीतला 43 वा विजय, इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीच्या पुढं जाणारा विक्रम. जोडीदार कोण? रोहन बोपण्णा. ज्यानं सहा वर्षांपूर्वी नकार दिला होता, तोच. मार्च 2020, झाग्रेब, क्रोएशियाविरुद्धची लढत, पुन्हा पेस आणि बोपण्णा, पुन्हा विजय. त्यानंतर साथीनं जग बंद झालं आणि निरोपाचं ठरवलेलं वर्ष तसंच राहून गेलं. आम्हाला वाटतं, निरोप एका परीनं योग्यच झाला. समारंभ नाही, हार-तुरे नाहीत, आणि शेजारी असा माणूस की ज्याच्याशी जमत नव्हतं आणि तरी जमवलं.

जुलै 2024 मध्ये न्यूपोर्टला आंतरराष्ट्रीय टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, विजय अमृतराज यांच्याबरोबर. तेच न्यूपोर्ट, जिथं त्यानं एकेरीचं आपलं एकमेव विजेतेपद मिळवलं होतं. पण हा मान त्याला मिळाला तो मुख्यतः दुहेरीसाठी. जगानं त्याला ज्या कारणानं मोठं मानलं, ते कारण आपल्याकडे अजून नीट पोचलेलं नाही.

तर मंडळी, इथून उठताना एवढंच करू. आपल्या गावात, तालुक्यात पोरं काही जिंकून आली की चौकात फलक लागतो. त्यावर एक मोठा फोटो असतो आणि बाकीच्यांची नावं खाली बारीक अक्षरात, कधी तीही नसतात. मारुती मंदिराजवळच्या स्टेडियमवर कबड्डीत चढाई करणारा सगळ्यांना दिसतो. मागं साखळी धरून उभे असलेले कोणाला आठवतात? पुढच्या वेळी फलक लावताना सगळी नावं एकाच आकारात लिहून बघा. आणि पेसबद्दल घरी मुलांना सांगाल तेव्हा अटलांटा जरूर सांगा, खाशाबा सांगा, पण हिरोशिमाही सांगा, आणि ते सांगताना गौरव नाटेकर हे नाव घ्या.

आता कोणाला काही विचारायचं असेल, कुठं आमचं म्हणणं पटलं नसेल, तर बोला. विशेषतः भूपतीच्या बाजूचं कोणी असेल तर त्यांनी आधी बोलावं. त्यांना आजवर दुसरा नंबरच मिळत आला आहे.